चढण हरवलेली नदी : नीरा-भीमेच्या माशांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या उत्तरेस नीरा आणि पूर्वेस भीमा या नद्या वाहतात. नीरा नरसिंहपूरच्या परिसरात त्यांचा संगम होतो आणि तेथून भीमा पंढरपूरकडे जाते. पावसाळ्यात खालून वर येणाऱ्या माशाच्या दृष्टीने या संगमाचा विचार केला, तर येथे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. भीमेच्या वाटेवर थोड्याच अंतरावर 1980 मध्ये पूर्ण झालेले, सुमारे 56 मीटर उंचीचे उजनी धरण आहे. नीरेच्या वाटेवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची मालिका असून त्यापुढे वीर धरण आहे. आणखी वर, नीरेस मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर 1928 पासून भाटघरचे धरण उभे आहे. या धरणांनी व त्यांच्या कालव्यांनी माळशिरसच्या अवर्षणप्रवण जमिनीला ऊस दिला, अकलूज-माळीनगर परिसराला आजचे रूप दिले. हे ऋण मान्य करूनच पुढील चर्चा करावी लागते.

अलीकडच्या काळात 'नदी पुनरुज्जीवन' हा शब्द शासकीय कागदपत्रांत, वृत्तपत्रांत व महाविद्यालयीन चर्चासत्रांत वारंवार येतो. पुनरुज्जीवन म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात नीरा-भीमा खोऱ्यातील माशांविषयी वेगवेगळ्या काळात झालेल्या लेखनाचे वाचन करून या प्रश्नाचा शोध घेतला आहे. निसर्गेतिहास, कायदा, योजना आणि लोकबोली अशा चार प्रकारच्या संहितांचा येथे विचार केला आहे. या संहितांपैकी बहुतेकींनी मासा हा स्थिर पदार्थ मानला. कोणी त्याला नमुना मानले, कोणी पीक, तर कोणी इष्टांक. त्याचे वर चढणे मात्र त्यांच्या नजरेतून निसटले. पुनरुज्जीवनाचे आजचे विचारविश्वही त्याच दोषाने ग्रस्त आहे, असे या वाचनातून दिसून येते.

1. 'चढण' ही संज्ञा :

मराठीत या विषयाला स्वतःची संज्ञा आहे. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात पहिल्या पावसाबरोबर ओढ्या-नद्यांतून वर येणाऱ्या माशांना 'चढणीचे मासे' म्हणतात. रायगडाकडे त्यांनाच 'वळगणीचे मासे' असे नाव आहे. पहिल्या जोरदार सरींनी पाणी गढूळ होते, तापमान उतरते, प्रवाहाला वेग येतो आणि अंड्यांनी भरलेली मादी उथळ, नव्याने पाण्याखाली आलेल्या जागेकडे निघते. हे सर्व ज्ञान एका शब्दात साठवलेले आहे. 'चढण' या शब्दात दिशा आहे, काळ आहे आणि प्रयत्नही आहे.

या लोकज्ञानाचे उदात्तीकरण करणे मात्र योग्य ठरणार नाही. 'चढणीचे मासे' हा शब्द मुख्यतः मासे पकडण्याच्या संदर्भात वापरला जातो. मासा अंडी घालण्यास निघतो तोच क्षण त्याला पकडण्यास सर्वांत सोपा असतो आणि लोक तो साधतात. म्हणजे लोकबोलीने माशाची गती ओळखली, परंतु तिचे रक्षण केलेच असे नाही. अपवाद देवस्थानांच्या डोहांचा. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड, वाड्याजवळ वैतरणेवरील तिळसे, तसेच इंद्रायणीवरील देहू येथे महसीर जातीच्या माशांना श्रद्धेने अभय मिळाले. मात्र तेथेही अभय मिळाले ते डोहाला. डोहाकडे येणाऱ्या वाटेला नव्हे.

2. साइक्सची संहिता :

दख्खनच्या गोड्या पाण्यातील माशांचा पहिला विस्तृत शास्त्रीय आढावा कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्या नावावर आहे. मुंबई सरकारचे संख्याशास्त्रीय अधिकारी म्हणून 1824 ते 1831 या काळात त्यांनी दख्खनमध्ये काम केले. त्यांचा माशांवरील प्रबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकांतून 1839 ते 1841 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने आहेत. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्या म्हणजे भीमेचेच खोरे हे या प्रबंधाचे क्षेत्र होय.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या संहितेचे मोठे वैशिष्ट्य तिच्या नामकरणात आहे. साइक्स यांनी अनेक जातींना स्थानिक नावेच दिली. खुद्री, कोलस, पोटाइल, नुक्ता, बोगट, घोग्रा, गूंगवारी ही नावे लॅटिन वेशात आजही जगाच्या शास्त्रीय सूचीत आहेत. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. घोग्रा म्हणजे आपल्याकडील घोगऱ्या. ही नावे नदीकाठच्या मासेमारांच्या तोंडूनच संहितेत आली असणार. त्या माहितगारांची नावे मात्र प्रबंधाने राखलेली नाहीत. नाव मासेमारांचे आणि कर्तेपण अधिकाऱ्याचे, हा वसाहतकालीन ज्ञानव्यवहाराचा नमुना येथेही आढळतो.

दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. साइक्स यांनी पुण्याच्या नद्यांतील एका अहिराचे वर्णन केले आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सन्मानार्थ त्याला 'एल्फिन्स्टनी' असे नाव दिले. पुढील संशोधकांनी ही जात आधीच वर्णन केलेल्या बंगाली अहिराशी एकरूप मानली. या कुळातील अहिर समुद्रात जन्मतो, लहानपणी नदीत शिरतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि प्रजननासाठी पुन्हा समुद्राकडे जातो. साइक्स यांना हे ज्ञात असणे शक्य नव्हते. अहिर समुद्रात नेमका कोठे जन्मतो याचा उलगडा डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांच्या संशोधनाने विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात झाला. या ज्ञानाच्या प्रकाशात साइक्स यांची नोंद पुन्हा वाचली की तिचा अर्थ बदलतो. पुण्यात सापडलेला तो अहिर बंगालच्या उपसागरातून कृष्णेच्या मुखाने आत येऊन, कृष्णा व भीमा चढून, म्हणजे हजाराहून अधिक किलोमीटर अंतर कापून तेथे पोहोचला होता. भीमेची वाट माळशिरसच्या सीमेवरूनच जाते. साइक्स यांनी नमुना नोंदवला; नोंदीने मात्र अखंड नदीची साक्ष दिली.

या साक्षीचे मोल तिच्या काळामुळे वाढते. विजयवाड्याचा कृष्णेवरील बंधारा 1855 मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि उजनी ही मोठी धरणे विसाव्या शतकात उभी राहिली. म्हणून साइक्स यांचा प्रबंध ही मोठ्या अडथळ्यांपूर्वीच्या नदीची संहिता आहे. विसाव्या शतकाच्या चाळिशीत फ्रेझर व सुटर यांनी पुण्याच्या माशांवर मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. पुढे पुण्यातील अभ्यासकांनी जुन्या-नव्या याद्यांची तुलना केली. या सर्व अभ्यासांचा पाया साइक्स यांची यादीच आहे. तथापि यादीचीच तुलना यादीशी होत राहिल्याने 'किती जाती होत्या, किती उरल्या' हा प्रश्न प्रमुख ठरला. 'कोठून येत होत्या, कोठे जात होत्या' हा प्रश्न मागे पडला. इंद्रायणीतून वर्णन झालेला नुक्ता आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यातील जात म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या संख्येची चिंता व्यक्त होते, त्याच्या वाटेची फारशी होत नाही.

3. डे यांचा अहवाल आणि 1897 चा कायदा :

माशाच्या गतीचा विचार करणारी शासकीय संहिता झालीच नाही असे नाही. फ्रान्सिस डे यांचा भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारीवरील अहवाल 1873 मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. सिंचनासाठी नद्यांवर घातलेले बंधारे वर चढणाऱ्या माशांना अडवतात, बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडलेले मासे सहज मारले जातात, म्हणून बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवावी, ही भूमिका डे यांनी मांडली. दक्षिणेतील बंधाऱ्यांमुळे समुद्रातून येणाऱ्या हिलसा माशावर झालेला परिणाम हा त्यांच्या विवेचनाचा महत्त्वाचा भाग होता.

या भूमिकेचे पुढे काय झाले, हे 1897 चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा वाचल्यावर लक्षात येते. सुरुंग लावून वा विष टाकून मासे मारण्यास या कायद्याने बंदी केली. स्थिर सापळे, बांध आणि जाळ्यांचे आकार यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. ही तरतूद उपयुक्तच होती. परंतु सापळे व जाळी यांच्या सोबतीने येणारा 'बांध' हा संदर्भाने मासे धरण्यासाठी घातलेला बांध ठरतो. सिंचन खात्याचा बंधारा या वाक्याच्या कक्षेबाहेर राहतो. डे यांच्या अहवालात मासेमार आणि अभियंता असे दोघेही उत्तरदायी होते. कायद्यापर्यंत येता येता केवळ मासेमार उरला. भोई व कोळी समाजाच्या जाळ्याचा आस मोजण्याची सोय झाली, पण बंधाऱ्याच्या तळाशी पाणी किती उंचीवरून पडते हे मोजण्याची झाली नाही. नीरा-भीमेच्या संदर्भात हा असमतोल आजही जाणवतो.

4. योजनांची भाषा :

स्वातंत्र्योत्तर काळातील मत्स्यविकासाची भाषा शेतीतून घेतलेली आहे. 'मत्स्यबीज', 'मत्स्यजिरे', 'बोटुकली', 'संचयन', 'उत्पादन', 'ठेका', 'इष्टांक' हे तिचे परिचित शब्द होत. बीज पेरावे आणि पीक काढावे, ही कल्पना तलावाच्या बाबतीत सार्थ आहे. कटला, रोहू, मृगळ या मुळात उत्तरेकडील नद्यांतील माशांनी महाराष्ट्रातील तलावांत व जलाशयांत सहकारी संस्थांना उत्पन्न दिले, हे नाकारता येत नाही. अडचण होते ती ही भाषा नदीला लावली जाते तेव्हा. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम अंतर्भूत आहे. सोडलेल्या बोटुकलींची संख्या मोजता येते, समारंभ करता येतो, छायाचित्र छापता येते. त्या बोटुकलीला मोठी झाल्यावर वर जाण्यास वाट आहे काय, हा रकाना अशा कार्यक्रमाच्या यशाच्या मोजमापात दिसत नाही.

या भाषेच्या मर्यादा दाखवणारे उदाहरण महाराष्ट्राच्या घरचेच आहे. लोणावळ्यातील वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने 1970 च्या दशकापासून महसीरच्या कृत्रिम प्रजननाचे दीर्घकालीन काम केले. खुद्री जातीचे संवर्धन त्यामुळे शक्य झाले, हे श्रेय मोठे आहे. पण या जातीचे बीज कावेरी खोऱ्यातही गेले आणि तेथील स्थानिक वशिंडाच्या महसीरला ती स्पर्धक ठरली. कावेरीचा तो महसीर आज अतिधोक्यातील जातींत गणला जातो. एका खोऱ्यातील देशी मासा दुसऱ्या खोऱ्यात परका असतो, हे 'बीज' या शब्दात सामावत नाही. उजनी जलाशयातील चिलापीची गोष्टही याच चर्चेत येते. स्थिर पाण्यात सहज वाढणाऱ्या या परदेशी माशाने भिगवणच्या बाजाराला माल दिला. प्रवाहात वाढणाऱ्या देशी जातींचे क्षेत्र मात्र जलाशयाने आधीच आखडले होते. जलाशय हे नदीचे मोठे रूप नव्हे, ते वेगळेच अधिवासस्थान आहे, ही जाण या व्यवहारात अभावानेच आढळते.

5. 'निर्मळ' आणि 'अविरल' :

गंगेविषयीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'अविरल' व 'निर्मल' ही दोन विशेषणे जोडीने येतात. महाराष्ट्रात 2016 मध्ये जाहीर झालेला 'नमामि चंद्रभागा' प्रकल्प आणि 2022 मधील 'चला जाणूया नदीला' हे अभियान यांमुळे भीमा खोऱ्याकडे लक्ष वेधले गेले, ही स्वागतार्ह बाब होती. परंतु भीमेविषयीच्या सार्वजनिक चर्चेत स्वच्छता, घाट, सांडपाणी म्हणजे 'निर्मळ' ही बाजू प्रबळ राहिली. 'अविरल' या विशेषणाला फारसा वाव मिळाला नाही. निर्मळता माणसाच्या स्नानाला पुरते. माशाला निर्मळतेबरोबर सलगताही लागते.

सलगतेसाठी पाणी सोडणे व्यवहारात अशक्य आहे, असा युक्तिवाद केला जातो. त्याचे उत्तर याच नदीत आहे. आषाढी वारीच्या काळात पंढरपुरी स्नानासाठी चंद्रभागेत पाणी असावे, म्हणून उजनीतून पाणी सोडण्याचा प्रघात आहे. म्हणजे शेती व पिण्याचे पाणी यांपलीकडील एका प्रयोजनासाठी नदीत पाणी सोडता येते, त्यास समाजाची संमती मिळते आणि प्रशासन त्याचे वेळापत्रकही आखू शकते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर मार्गे आणि तुकाराम महाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलूज मार्गे पंढरीकडे जाते, तोच माशांच्या चढणीचाही हंगाम असतो. वारीसाठी सोडलेले पाणी एकदम सोडून एकदम बंद न करता हळूहळू वाढवले व हळूहळू उतरवले, तर तेच पाणी संगमाखालच्या पात्रातील माशांनाही उपयोगी पडेल. मागणी अधिक पाण्याची नाही. पाणी सोडण्याच्या रीतीची आहे.

6. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा :

नीरेवरील बंधाऱ्यांचा विचार धरणांपासून वेगळा करावा लागतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी वा काँक्रीटचे खांब असतात आणि त्यांच्यामधील गाळ्यांत फळ्या बसवून पाणी अडवले जाते. पावसाळ्यापूर्वी फळ्या काढायच्या, पूर वाहून जाऊ द्यायचा आणि साधारणतः ऑक्टोबरात त्या पुन्हा घालायच्या, ही त्याची मूळ रचना. गाळ साचू नये व पुराने बंधाऱ्याला धोका होऊ नये, हा तिचा हेतू. परंतु या रचनेत चढणीच्या काळात नदी मोकळी राहण्याची शक्यता अनायासे सामावलेली आहे. माशाच्या दृष्टीने हा बंधारा वर्षातील काही महिने बंधारा नसतो.

म्हणून येथे प्रश्न बांधकामापेक्षा कालगणनेचा ठरतो. फळ्या पहिल्या पुरानंतर निघाल्या, तर चढणीचा पहिला व महत्त्वाचा टप्पा वाया जातो. काही गाळे बंदच राहिले, तर उरलेल्या गाळ्यांतून पाणी इतक्या वेगाने येते की लहान माशाला ते चढवत नाही. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूस तळ खरवडून निघाला की फरशीच्या कडेशी पायरी तयार होते आणि मोकळा गाळाही मग उंच उंबरठा होतो. या तिन्ही दोषांवर उपाय आहेत आणि ते तुलनेने अल्प खर्चाचे आहेत. फळ्या काढण्याची तारीख पावसाच्या आगमनाशी जोडणे, सर्व गाळे मोकळे करणे आणि पायरीच्या जागी मोठ्या दगडांचा सौम्य उतार रचणे, हे ते उपाय होत. जेथे फळ्यांच्या जागी यांत्रिक दरवाजांचे बॅरेज उभारले जातात, तेथे मात्र ही अनायास मिळालेली सोय नष्ट होण्याचा संभव असतो. नव्या बॅरेजच्या आराखड्यातच माशांची वाट असावी, हा आग्रह त्यामुळे धरावा लागतो.

7. इतरत्रचे अनुभव :

अमेरिकेतील एल्व्हा नदीवरील दोन धरणे 2011 ते 2014 या काळात काढण्यात आली. क्लामथ नदीवरील चार धरणे 2024 पर्यंत काढल्यावर त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सामन मासे जुन्या अडथळ्यांपलीकडे पोहोचले. ही उदाहरणे प्रेरक आहेत, पण ती धरणे मुख्यतः वीजनिर्मितीची होती. सुमारे 117 अब्ज घनफूट क्षमतेच्या उजनीवर जिल्ह्याची शेती व पिण्याचे पाणी अवलंबून आहे. तेथे हे अनुकरण सुचवणे अव्यवहार्य होय.

अधिक बोधप्रद अनुभव ऑस्ट्रेलियातील मरे नदीचा आहे. तेथे प्रारंभी सामन माशासाठी विकसित झालेल्या तीव्र उताराच्या मत्स्यशिड्या बांधण्यात आल्या. स्थानिक मासे उड्या मारणारे नव्हते. त्यांना त्या शिड्यांचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे उभ्या फटींच्या, सौम्य उताराच्या वाटा तयार करण्यात आल्या आणि समुद्रमुखापासून ह्यूम धरणापर्यंत 2000 किलोमीटरहून अधिक लांबीचा प्रवाह टप्प्याटप्प्याने जोडण्याचा कार्यक्रम राबवण्यात आला. यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. वाट बांधण्याआधी त्या वाटेने कोण जाणार, हे पाहिले पाहिजे. नीरेतील घोगऱ्या, नुक्ता, कोलस, खुद्री किती वेगाचा प्रवाह चढू शकतात, याचे मोजमाप हे येथील प्राणिशास्त्र, अभियांत्रिकी व भूगोल विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे.

8. संभाव्य आक्षेप :

देशी मासे कमी होण्यास केवळ अडथळे कारणीभूत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. सांडपाणी, कारखानदारीची दूषिते, परदेशी जाती आणि बेसुमार वाळूउपसा ही कारणेही तितकीच गंभीर आहेत. वाळू व गोटे हे अनेक जातींच्या अंड्यांचे अंथरूण आहे, तर डोह हे उन्हाळ्यातील आश्रयस्थान आहे. वाट मोकळी केली आणि वर तळच उरला नसेल, तर चढण निष्फळ ठरेल. याउलट तळ सुधारला आणि वाट बंद राहिली, तर तो तळ रिकामा राहील. म्हणून अधिवास व वाट ही एकाच कामाची दोन अंगे मानावी लागतात. बंधाऱ्यामागील पाणी उन्हाळ्यात माशांना तगवते, हेही खरे आहे. बंधारे नकोत असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. ते ज्या ऋतूत उघडे असावेत त्या ऋतूत खरोखर उघडे असावेत, एवढेच म्हणणे आहे.

निष्कर्ष :

1. साइक्स यांचा प्रबंध ही केवळ जातींची यादी नसून मोठ्या अडथळ्यांपूर्वीच्या अखंड कृष्णा-भीमेचा पुरावा आहे. त्याचे वाचन गतीच्या अंगाने पुन्हा होणे आवश्यक आहे.

2. डे यांच्या अहवालात मासेमार व बंधारा दोघेही उत्तरदायी होते. 1897 च्या कायद्याने हे उत्तरदायित्व प्रामुख्याने मासेमारावर टाकले.

3. 'मत्स्यबीज' केंद्रस्थानी असलेली योजनांची भाषा तलावाला योग्य, नदीला अपुरी आहे. सोडलेल्या बीजाच्या संख्येबरोबर मोकळ्या झालेल्या नदीची लांबी हाही यशाचा निकष असावा.

4. नीरेवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत चढणीच्या काळात वाट मोकळी ठेवण्याची शक्यता मूळ रचनेतच आहे. माळशिरस तालुक्यात पुनरुज्जीवनाचा आरंभ येथून करता येईल.

5. उजनीच्या वर मासा पोहोचवणे आजच्या स्थितीत कठीण आहे. त्यामुळे संगमापासून वर नीरेचा आणि संगमाखालचा भीमेचा प्रवाह यांचे महत्त्व अधिकच वाढते. देशी माशांसाठी या परिसरात उरलेली मोठी वाट हीच आहे.

समाजाने 'चढण' हा शब्द घडवला, कारण त्याने नदीत वर जाणारा मासा पाहिला होता. नीरा-भीमेच्या काठी तो मासा दिसेनासा झाला, तर पुढच्या पिढीला या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागेल. नदीच्या पुनरुज्जीवनाचे मूल्यमापन करताना पाण्याच्या रंगाबरोबर आषाढातील बंधाऱ्याच्या गाळ्यांकडेही पाहिले जावे, अशी अपेक्षा या चिकित्सेच्या अखेरीस व्यक्त करणे उचित ठरते.